नेमो कोणाचा?

ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोवर बेतलेली ‘नॉटिलस’ ही दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या प्रेक्षकांपुढे आली आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रक्षेपित झाली. ज्या डिस्ने कंपनीसाठी ती तयार करण्यात आली होती, त्या कंपनीने २०२३ सालीच ती दाखविण्याचा बेत सोडून दिला होता. मागाहून इतरांनी तिला आसरा दिला. मालिकेतील अभिनय, चित्रण आणि यंत्रकौशल्य यांचे मोजमाप चित्रसमीक्षकांनी करावे. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. ती पाहून झाल्यावर ज्यांना मूळ कादंबरी हाती घ्यावीशी वाटली, त्यांच्यात आम्हीही होतो. आणि पडद्याकडून पुस्तकाकडे जाणाऱ्या या उलट्या प्रवासात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हा प्रवास आम्ही सुरतेत केला, ही गोष्ट गौण मानता येणार नाही. मालिकेतला खलपुरुष कोणी एक व्यक्ती नसून ती एक व्यापारी कंपनी आहे. निर्मात्यांनी तिला ‘ईस्ट इंडिया मर्कंटाइल कंपनी’ असे थोडे फिरवून नाव दिले असले, तरी ती कोणती हे हिंदुस्थानातील शाळकरी मुलालाही सांगावे लागणार नाही. या कंपनीचे ‘हेक्टर’ जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स ऑगस्ट १६०८ मध्ये आला तो सुरतेला. १६१२ साली तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झुंजीत इंग्रजांची सरशी झाली आणि पुढच्याच वर्षी जहांगीर बादशहाच्या परवानगीने त्यांची वखार या शहरात रीतसर उभी राहिली. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा याच वखारीतले इंग्रज आपला माल सांभाळीत बसले होते. १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. परंतु १७५९ साली सुरतेचा किल्ला आणि १८०० साली सुरतेचा सारा कारभार तिने गिळंकृत केला. तराजू घेऊन आलेल्या माणसाच्या हाती तलवार कशी येते, याचा पहिला धडा हिंदुस्थानाला या शहराने दिला आहे. कतारगामच्या वाटेवर इंग्रज वखारवाल्यांच्या भव्य कबरी आजही उभ्या आहेत; त्या पाहिल्या म्हणजे मालिकेतली कंपनी कल्पनेतली वाटत नाही.

उधन्याच्या बाजूला राहणारा, खानदेशातून आलेल्या कुटुंबातला एक तरुण आमच्याकडे अधूनमधून येत असतो. मालिकेचे काही भाग पाहून त्याने आम्हांला विचारले, “काका, हा नेमो खरंच आपला होता, की टीव्हीवाल्यांनी आता चिकटवलाय?” प्रश्न साधा आहे, पण तो उडवून लावण्याजोगा नाही. जुन्या गोष्टी नव्या काळाच्या सोयीने बदलून दाखविण्याची चाल हल्ली सार्वत्रिक झाली आहे. गोऱ्या पात्राच्या जागी सावळे पात्र आणले की न्याय झाला, असे मानणारा एक वर्ग आहे आणि असे कोणतेही पात्र दिसले की ते उपरेच असणार, असे मानणारा दुसरा. नेमोच्या बाबतीत हे दोन्ही वर्ग चुकतात, असे आम्ही पुस्तके वाचल्यानंतर म्हणू शकतो. मात्र त्यासाठी एक नव्हे, दोन कादंबऱ्या वाचाव्या लागतात आणि त्या कोणी कोणी कशा बदलल्या, हेही पाहावे लागते.

प्रथम मालिका काय सांगते ते पाहू. काळ १८५७ चा आहे. नेमो हा राज्य आणि कुटुंब दोन्ही हिरावले गेलेला एक हिंदी राजपुत्र. कंपनीच्या कालापानीच्या कैदेत तो इतर कैद्यांबरोबर एका अजब पाणबुडीच्या बांधकामावर राबतो आहे. आराखडा गुस्ताव बेन्वा या फ्रेंच संशोधकाचा, घाम कैद्यांचा आणि मालकी कंपनीची. कैदी ही बोट पळवितात आणि कंपनी त्यांचा पाठलाग करते. मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नासाठी निघालेली ह्युमिलिटी लुकस ही इंग्रज तरुणी, जी स्वतः यंत्रविद्येची जाणकार आहे, वाटेत या बोटीवर येते. नाना देशांचे, नाना भाषांचे हे खलाशी भांडतात, चुकतात आणि हळूहळू एकमेकांचे होतात. नेमोची भूमिका शझाद लतीफ या दक्षिण आशियाई वंशाच्या ब्रिटिश नटाने केली आहे. १९५४ च्या डिस्नेच्या गाजलेल्या चित्रपटात जेम्स मेसनने नेमो साकारला होता आणि त्या चित्रपटाने पाश्चात्त्य प्रेक्षकांच्या मनावर नेमोचा गोरा चेहरा कायमचा ठसविला. तो ठसा पुसण्याचे काम नव्या मालिकेने नि:संशय केले आहे.

आता पुस्तक उघडावे. मूळ कादंबरी फ्रेंच भाषेत, मार्च १८६९ पासून जून १८७० पर्यंत एका पाक्षिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नावातल्या वीस हजार ‘लीग’ म्हणजे समुद्राची खोली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. समुद्राखालून कापलेले ते अंतर आहे. फ्रेंच मापाने सुमारे ऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. गोष्ट सांगणारे प्राध्यापक आरोनाक्स, त्यांचा नोकर कोन्सेय आणि नेड लँड हा भालाईत, असे तिघे ‘अब्राहम लिंकन’ या अमेरिकन युद्धनौकेवरून एका समुद्री राक्षसाच्या शिकारीस निघतात आणि त्या राक्षसाच्याच पोटात, म्हणजे नॉटिलसमध्ये, बंदी होऊन पडतात. वाचकाला पहिला धक्का येथे बसतो. मालिकेत पहिल्या भागापासून ठाऊक असलेला नेमोचा देश पुस्तकात अखेरपर्यंत सांगितलेलाच नाही. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘कोणीही नाही’ असा आहे. त्याचे खलाशी आपसांत जी भाषा बोलतात ती जगातल्या कोणत्याही बंदरावर ऐकू येत नाही.

तरीही हा मनुष्य कोणत्या बाजूचा, हे व्हर्नने पुरते लपविलेले नाही. नेमोच्या खोलीत आरोनाक्सला काही तसबिरी दिसतात. त्या आहेत पोलंडचा कोश्चुश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, व्हेनिसचा मानिन, अमेरिकेचे वॉशिंग्टन आणि लिंकन, आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी फाशी गेलेला जॉन ब्राऊन यांच्या. क्रीट बेटाजवळ तो एका ग्रीक पाणबुड्याच्या हस्ते सोन्याने भरलेली पेटी धाडतो. त्या सुमारास क्रीटचे लोक तुर्की सत्तेविरुद्ध उठले होते. व्हिगोच्या उपसागरात १७०२ साली बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतला खजिना तो काढतो तोही जगातल्या पीडितांसाठी. आणि सिंहलद्वीपाजवळच्या मोत्यांच्या खाणीत, एका दरिद्री हिंदी पाणबुड्यावर शार्क मासा धावून येतो, तेव्हा हा जगाशी संबंध तोडलेला माणूस हातात केवळ खंजीर घेऊन त्याच्या आड उभा राहतो. नेड लँडच्या भाल्याने दोघांचे प्राण वाचतात. वर आल्यावर नेमो त्या गरिबाच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो आणि आरोनाक्सला म्हणतो, तो माणूस दडपलेल्या मुलखाचा आहे आणि आपणही मरेपर्यंत त्याच मुलखाचे आहोत. या प्रसंगाला उणीपुरी तीन-चार पाने लागली आहेत. आम्ही ती दोनदा वाचली. मालिकेतल्या सर्व स्फोटांनी मिळून जे साधत नाही, ते या काही पानांनी साधले आहे, असे आमचे मत झाले.

मग व्हर्नने देशाचे नाव का घेतले नाही? त्याचे उत्तर त्याच्या आणि प्रकाशक एत्झेल याच्या पत्रव्यवहारात आहे. व्हर्नच्या मनातला पहिला नेमो पोलंडचा होता. १८६३ साली पोलिश लोकांनी रशियन झारशाहीविरुद्ध उठाव केला आणि तो निर्दयपणे चिरडण्यात आला. त्यात सर्वस्व गमावलेला एक सरदार रशियाच्या जहाजांवर सूड उगवितो, अशी व्हर्नची योजना होती. एत्झेलने तीस हरकत घेतली. फ्रान्सला रशियाशी बिघाड नको होता आणि प्रकाशकाला रशियातले ग्राहक गमवायचे नव्हते. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांशी नेमोचे वैर दाखवावे, असे त्याने सुचविले. व्हर्नने ते मानले नाही. शेवटी तडजोड अशी झाली, की शत्रूही अनाम राहावा आणि नेमोचा देशही अनाम राहावा. कोश्चुश्कोची तसबीर तेवढी त्या मूळ योजनेची खूण म्हणून खोलीत राहिली.

हिंदुस्थानचे नाव आले ते ‘गूढ बेट’ या १८७४–७५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कादंबरीत. मरणोन्मुख नेमो तेथे आपली हकीकत सांगतो. तो बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, राजकुमार डक्कर. दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला युरोपात धाडले, ते पुढे आपल्या दडपलेल्या देशाला त्याने वर काढावे म्हणून. तिसाव्या वर्षापर्यंत त्याने शास्त्रे, कला, साहित्य सर्व आत्मसात केले. १८५७ च्या उठावात तो पहिल्या रांगेत लढला आणि अनेक जखमा त्याने अंगावर घेतल्या. उठाव फसला, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागले, आई-वडील, पत्नी आणि मुले मारली गेली. उरलेल्या वीस सहकाऱ्यांना घेऊन तो समुद्राखाली निघून गेला. इतिहासदृष्ट्या यात घोटाळे आहेत. बुंदेलखंडाचा हा राजकुमार म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या असल्याचे व्हर्न सांगतो, आणि दोन्ही कादंबऱ्यांतल्या सनावळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. तरीही छत्रसालाचा आणि झाशीच्या राणीचा हा मुलूख त्याने निवडावा, हे मराठी वाचकाला हलविल्यावाचून राहत नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: नेमोचे हिंदीपण दूरचित्रवाणीने चिकटविलेले नाही, ते खुद्द व्हर्नने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. पण तो केवळ आपला आहे, असेही नाही. तो प्रथम पोलंडचा होता, मग कोणत्याच देशाचा नव्हता आणि शेवटी हिंदुस्थानचा झाला. ज्यांचा देश हिरावला गेला, त्या सर्वांचा तो आहे, म्हणूनच तो आपलाही आहे. वॉर्साचा वाचक त्याच्यावर हक्क सांगू लागला, तर सुरतेच्या वाचकाने त्यास जागा करून दिली पाहिजे.

येथवर सारे ठीक आहे. परंतु मग आपल्याकडच्या इतक्या वाचकांना हे ठाऊक का नव्हते? आपण व्हर्न बहुधा इंग्रजीतून किंवा इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांतून वाचला, आणि इंग्रजी व्हर्न हे प्रकरण फारसे सरळ नाही. पहिल्या कादंबरीचे १८७३ सालचे लुई मर्सिये याचे भाषांतर जवळजवळ शतकभर प्रमाण मानले गेले. त्यात मूळचा सुमारे चौथा हिस्सा गाळलेला आहे. नेब्रास्कातील ‘बॅडलँड्स’ या प्रसिद्ध प्रदेशाचे त्यात ‘नेब्रास्काचा अप्रिय मुलूख’ असे विनोदी रूपांतर झाले. हे अज्ञान म्हणून सोडून देता येईल. दुसऱ्या कादंबरीबाबत जे घडले, ते मात्र सोडून देता येणार नाही. किंग्स्टन यांच्या नावे निघालेल्या आणि आता त्यांच्या पत्नीने केले असे मानले जाणाऱ्या इंग्रजी भाषांतरात, १८५७ च्या उठावासंबंधीचा व्हर्नचा मजकूर उलटाच करून टाकला आहे. ब्रिटिश अंमलाचे जू हिंदी लोकांना फार जड झाले होते, अशा आशयाचे व्हर्नने लिहिले होते. भाषांतरात त्याच्या जागी आले ते असे, की महत्त्वाकांक्षी राजांनी भोळ्या प्रजेला चिथावले, आणि इंग्रजांनी तर या देशाला बेबंदशाहीतून काढून शांतता व भरभराट दिली होती! म्हणजे नेमोच्या तोंडून नेमोच्याच शत्रूची कैफियत वदविण्यात आली. ज्या पिढ्यांनी हे पुस्तक इंग्रजी शाळांतून आणि वाचनालयांतून हौसेने वाचले, त्यांना आपल्या हाती काय दिले जात आहे, याची कल्पनाही नव्हती. पुस्तकावर बंदी घातली असती तर निदान गाजावाजा झाला असता. येथे एक शब्दही न बोलता काम साधले.

प्रकाशकाने मूळ फ्रेंच पुस्तकावरही हात चालविला, हे आणखी विशेष. व्हर्नच्या हस्तलिखितात मरणाऱ्या नेमोचा अखेरचा उद्गार एकच शब्दाचा होता, आणि तो शब्द ‘स्वातंत्र्य’ हा होता. एत्झेलला तो रुचला नाही. छापील आवृत्तीत नेमो देव आणि देश यांचे नाव घेऊन प्राण सोडतो. देव आणि देश हे शब्द आम्हांलाही पूज्य आहेत. परंतु मरताना माणसाने कोणता शब्द उच्चारावा, हे त्याच्या प्रकाशकाने ठरवू नये, असे आम्ही नम्रपणे म्हणू.

हे सर्व ध्यानी घेता, मालिकेने पुस्तकाशी इमान राखले नाही, असा ओरडा करण्यात अर्थ नाही. एत्झेलच्या आणि किंग्स्टन दांपत्याच्या मानाने मालिकावाल्यांनी नेमोला पुष्कळच न्याय दिला आहे. त्यांनी त्याला त्याचा चेहरा आणि त्याचा शत्रू परत दिला. तरी एका ठिकाणी त्यांनी त्याच्याकडून जे काढून घेतले, ते आम्हांला फार मोलाचे वाटते. मालिकेत पाणबुडीचा आराखडा फ्रेंच संशोधकाचा आहे. व्हर्नच्या पुस्तकात नॉटिलसची सारी कल्पना नेमोच्या बुद्धीची आहे. सत्तर मीटर लांब, आठ मीटर रुंद, विजेवर चालणारी आणि त्या विजेसाठी लागणारे सोडियम समुद्राच्या पाण्यातूनच मिळविणारी ही बोट. तिचे भाग त्याने फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंड, प्रशिया, स्वीडन, अमेरिका येथील निरनिराळ्या कारखान्यांतून निरनिराळ्या नावांनी मागविले, म्हणजे कोणालाच पूर्ण यंत्राचा सुगावा लागू नये. आणि एका निर्जन बेटावर, स्वतः शिकविलेल्या कारागिरांकरवी ते जोडले. बोटीवर बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय आहे. १८७५ साली, आम्ही हिंदी लोक केवळ राज्य करून घेण्याच्या लायकीचे आहोत असे युरोपातले थोर थोर पंडित सांगत होते, तेव्हा एका फ्रेंच लेखकाने आपल्या काळातले सर्वांत पुढचे यंत्र निर्माण करण्याचे श्रेय एका हिंदी माणसाला दिले. २०२४ सालच्या उदारमतवादी मालिकेने त्याला ते यंत्र पळविणारा केले. यात दुष्टपणा नाही, कथानकाची सोय आहे, हे आम्ही जाणतो. पण ही वजाबाकी पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरा फरक याहून खोल आहे. मालिका सूडाच्या गोष्टीला साहसाची गोष्ट करते. कंपनी इतकी दुष्ट आहे, की तिचे जहाज फुटले म्हणजे पाहणारा टाळ्या पिटतो. पुस्तक टाळ्या पिटू देत नाही. अखेरीकडे एक युद्धनौका नॉटिलसवर चाल करून येते. तिच्यावर निशाण नाही. नेमो तिला बुडवितो, आणि आरोनाक्स काचेच्या खिडकीतून ते पाहतो: शिडांच्या दोरांना लोंबकळणारी, पाण्यात हातपाय झाडणारी माणसे. ती कोणाची मुले, हे कोणाला ठाऊक? नंतर नेमो आपल्या खोलीत जातो आणि एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देतो. सूड घेऊन झाला, पण मेलेले परत आले नाहीत. ‘गूढ बेटा’त तो मरताना आपल्या जीवनाचा निवाडा दुसऱ्यांकडे मागतो, आणि तेथेही त्याला सरळ निर्दोष सुटका मिळत नाही.

साधनांचा हा प्रश्न आपल्या देशाला परका नाही. डिसेंबर १९०७ मध्ये याच सुरतेत राष्ट्रसभेचे अधिवेशन उधळले आणि जहाल व मवाळ यांची वाट वेगळी झाली. स्वातंत्र्य हवे की नको, यावर तो वाद नव्हता; ते कसे आणि किती घाईने मिळवायचे, यावर होता. पुढे चाळीस वर्षे हा प्रश्न आपल्या चळवळीने कधी तुरुंगात, कधी फासाखाली, कधी सूतकताईच्या बैठकीत स्वतःला विचारला. ज्यांनी त्या चळवळीत थोडेबहुत पाऊल टाकले, त्यांना नेमोचे हुंदके ऐकू येतात. अन्यायाची चीड खरी असली, तरी तिच्या नावाने काय करावे याचे उत्तर आपोआप मिळत नाही, हे व्हर्नला कळले होते. मुलांसाठी लिहिणारा लेखक म्हणून ज्याची बोळवण झाली, त्याने मोठ्यांनाही चुकविता येऊ नये असा प्रश्न टाकला आहे.

तरी व्हर्नला आपला कैवारी म्हणून डोक्यावर घेऊन नाचण्याचेही कारण नाही. १८८० साली त्याने ‘वाफेचे घर’ ही हिंदुस्थानावरची कादंबरी लिहिली. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हे तिचे आकर्षण. पण तीत नानासाहेब पेशवे हा सूडाने पेटलेला क्रूर खलपुरुष आहे आणि वाचकाची सहानुभूती इंग्रज कर्नल मन्रो याच्याकडे वळविलेली आहे. एकाच लेखणीने १८५७ चा एक राजकुमार महात्म्याच्या जवळ नेला आणि दुसरा राक्षसाच्या. ज्याला केवळ नेमो हवा, त्याने हेही वाचले पाहिजे.

आपल्या किनाऱ्याला तर ही दुहेरी नजर चांगलीच परिचयाची आहे. कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या दप्तराने चाचे म्हटले. आपल्या समुद्रात, आपल्या दस्तकाशिवाय, आपल्याच बंदरांचा व्यापार करू पाहणाऱ्यांना त्यांनी अडविले, हा त्यांचा अपराध. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापुढे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांचे बळ तर होतेच. पण पेशव्यांचीही त्यांना साथ होती. समुद्रावर जो आपल्या हुकमतीत राहत नाही तो राक्षस किंवा चाचा, ही बलाढ्यांची जुनी व्याख्या आहे. व्हर्नच्या कादंबरीचा प्रारंभच अशा एका ‘राक्षसा’च्या वार्तेने होतो, आणि तो राक्षस म्हणजे घर गमावलेला एक माणूस निघतो. कोकणच्या वाचकाला ही गोष्ट दूरच्या देशाची वाटू नये.

आता थोडे आपल्या भाषेविषयी. मराठी आणि व्हर्न यांचे नाते जुने आहे. मूळ कोचीनला निघालेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली त्याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागले, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ अभ्यासक तेथूनच मोजतात. पुढे ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी ‘समुद्रसैतान’ आणि इतर पुस्तकांच्या द्वारे व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. ते ऋण मोठे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपण नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि स्वतंत्र मराठी विज्ञानकथेला मानाचे पान मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. हा वारसा आपण केवळ शोकसभांतून आठवू नये. भागवतांनी मुलांसाठी केले, ते पुढच्या पिढीने प्रौढ वाचकांसाठी पुरे करावयास हवे. थेट फ्रेंचवरून केलेली, हस्तलिखितातले फेरफार टिपांत नोंदविणारी, या दोन्ही कादंबऱ्यांची संपूर्ण मराठी आवृत्ती प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात असली पाहिजे. इंग्रजीत हे काम झाले आहे. १९६० च्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर यांनी जुन्या भाषांतराचे दोष चव्हाट्यावर आणले. १९९८ साली विल्यम बुचर यांचे आणि २००१ साली ‘गूढ बेटा’चे सिडनी क्रॅविट्झ यांचे नवे भाषांतर निघाले. ज्यांनी नेमोचे शब्द बदलले त्यांच्याच भाषेत ते दुरुस्तही झाले. ज्यांच्याविषयी ते शब्द होते, त्यांच्या भाषेने मागे राहावे, हे शोभत नाही.

सुरतेच्या संदर्भात एक सूचना करावीशी वाटते. या शहरात नगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, १८५० साली स्थापन झालेली अँड्र्यूज लायब्ररी आहे, कवी नर्मदांच्या नावाचे मोठे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत यंत्रमागावर, साडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अशा मालिका पाहतातच. त्यांना पाहू नका म्हणणे निरर्थक आहे. मालिका पाहून झाल्यावर चार मुलांना बसवून मोत्यांच्या खाणीचे प्रकरण त्यांच्यापुढे वाचून दाखविणारा एक शिक्षक किंवा ग्रंथपाल मिळाला, तर पुरे. पडद्यावर काय होते, पुस्तकात काय आहे आणि फरक का पडला, हे तीन प्रश्न विचारायला लागलेले मूल वर्तमानपत्रही डोळसपणे वाचील आणि इतिहासही.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत, माझगावला बांधलेल्या तीन नौका एकाच दिवशी आरमारात दाखल झाल्या. त्यातली एक ‘सुरत’ नावाची विनाशिका. आणखी एक ‘वागशीर’ ही पाणबुडी, फ्रेंच आराखड्यावर हिंदी कारागिरांनी घडविलेली, लांबीने सुमारे ६७ मीटर, म्हणजे व्हर्नने कल्पिलेल्या नॉटिलसहून जराशीच आखूड. ज्या किनाऱ्यावर कंपनीचे पहिले जहाज लागले, त्या किनाऱ्याच्या लोकांना याचा अभिमान वाटला तर तो रास्तच आहे. मात्र यंत्र आपल्या हाती आले म्हणजे शब्दही आपल्या हाती आले, असे होत नाही. नेमोचा अखेरचा शब्द काय होता, हे मालिका पाहून कळणार नाही, आणि जुने भाषांतर वाचूनही कळणार नाही. तो शब्द शोधण्याचे कष्ट वाचकालाच घ्यावे लागतील, आणि ते त्याने घ्यावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.